हातात अर्ज नसताना राजधानी

धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला राजधानी म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. देवगिरी, गुलबर्गा, बिदर, मग कधी अहमदनगर तर कधी विजापूर, पुढे हैदराबाद, 1956 ला मुंबई आणि सगळ्यांच्या वर दिल्ली. माणूस आपल्या शिवारातच राहिला, हलत राहिली ती राजधानी. तिच्याकडे तो गेला तो बहुधा काहीतरी अडलं म्हणून. खटला, वतन, माफी, दाखला; अलीकडे नेमणूक नाहीतर बदली. नुसतं हिंडायला कुणी राजधानीला गेल्याचं आमच्या आळीत तरी ऐकिवात नाही.

म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांनी ‘दिल्लीला चाललोय, काही काम नाही’ असं जाहीर केलं, तेव्हा पहिली उखडली ती त्यांची भाची. ती दिल्लीत, जुन्या राजेंद्रनगरात, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला राहून आलेली. आता धाराशिवच्या एका अभ्यासिकेत पोरापोरींना राज्यघटना शिकवते. तिच्यामुळं गावच त्यांना मामा म्हणतं, मीही म्हणतो. वाद झाला तेरला. भाचीनं अभ्यासिकेतली मुलं लामतुरे संग्रहालय दाखवायला आणली होती, आम्ही दोघं रिकामे म्हणून सोबत.

“काम नाही तर तिकडं कशाला, मामा? पैसे घालवायचे, पाय मोडून घ्यायचे आणि वर धूर खायचा.”

“काम नाही म्हणून तर चाललोय. काम असतं तर तुला पाठवलं असतं.”

भाची हसली नाही. मग मामांनी आजोबांची गोष्ट काढली. निजामाच्या अमलात जमिनीच्या खटल्यापायी आजोबांच्या हैदराबादला खेपा व्हायच्या. कागद उर्दूत, युक्तिवाद उर्दूत, मुनशीच्या हातावर काही ठेवल्याशिवाय कागद पुढं सरकायचा नाही. परत आले की घरातल्या बायका विचारायच्या, चारमिनार कसा आहे हो? आजोबा म्हणायचे, आहे आपला, वकिलाच्या बिऱ्हाडाकडं वळताना लागतो.

“1591 सालापासून उभा आहे तो,” मामा म्हणाले. “लांबलांबची माणसं तो बघायला येतात, आणि आमच्या म्हाताऱ्याला तो वकिलाच्या घराची खूण म्हणून ठाऊक. त्यांनी मान वर करून बघितलाच नसणार. बघणार कसे? सगळं लक्ष बगलेतल्या दप्तरात.”

“मग माझंही तेच झालं म्हणा,” भाची म्हणाली. “मला इंडिया गेट म्हणजे शहाजहान रोड जवळ आल्याची खूण. तिथं धोलपूर हाऊस आहे, आयोगाचं. आमच्या खोलीची खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर लागेल एवढी. दिवाळीनंतर घसा धरायचा तो संक्रांतीपर्यंत. मेसमधल्या राजम्याला कंटाळून घरून आलेली शेंगाचटणी आम्ही चिमटीनं मोजून खायचो. ही राजधानी. तुमच्या कॅलेंडरावरची नव्हे.”

“तू तिथं राहणारी होतीस. त्याहून वाईट म्हणजे उमेदवार होतीस. उमेदवाराला गाव दिसत नाही, निकाल दिसतो.”

“आणि पाहुण्याला?”

“पाहुण्याला बिनकामाच्या गोष्टी दिसतात. त्याच तर बघायच्या असतात.”

आम्ही तोवर त्रिविक्रमाच्या देवळापाशी आलो होतो. तेरला गेलात तर या देवळाच्या मागच्या बाजूला आधी जा. पुढून ते देऊळ वाटतं. मागून विटांची अर्धगोल भिंत आणि तिच्यावर हत्तीच्या पाठीसारखं वाकलेलं छत दिसतं. मुळात हे चैत्यगृह असावं असं हेन्री कझिन्सनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हटलं, तेव्हापासून जाणकार इथं येऊन विटांना हात लावून जातात. भाचीनं नेमकी हीच जागा वादासाठी निवडली.

“ही बघा राजधानी,” ती म्हणाली. “पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे, तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचला जातं. ते तगर म्हणजे तेर, हे फ्लीटनं 1901 ला दाखवून दिलं. इथं मिळालेल्या हस्तिदंती बाहुलीची बहीण शोभावी अशी मूर्ती 1938 ला पाँपेईच्या राखेत सापडली. शिलाहार राजे राज्य करायचे कोकणात नाहीतर कोल्हापुरात, पण बिरूद लावायचे ‘तगरपुरवराधीश्वर’. आमच्या राजांचं मूळ गाव म्हणून हे नाव मिरवायचे. राजधानी होतं की मोठी पेठ होती यावर तुम्ही इतिहासवाले भांडत बसा. माझं म्हणणं एवढंच, की राजधानी बघावी ती संपल्यावर. इथं मला कुणी ओळखपत्र मागत नाही. कुणाची गाडी जायची म्हणून मला रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभं करत नाहीत. विटेवर हात ठेवून बसता येतं.”

“छान आहे. पण मेलेल्या राजधानीशी भांडता येत नाही ना, बाई.”

“भांडायचं कशाला?”

“जिवंत राजधानी बघायला गेलं की मनात भांडण चालू राहतं, त्यात गंमत आहे. ही इमारत एवढी मोठी कशाला? हिचा खर्च कुणी दिला? हिच्यात बसून आमच्या सोयाबीनबद्दल काय ठरतं? तेरमध्ये मी कुणाला विचारू? सातवाहनाला?”

मामांचा हा मुद्दा मला पटला. पण भाचीजवळ परंड्याची तोफ होती, आणि ती तिनं डागलीच. अहमदनगर 1600 साली मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरानं निजामशाही पुन्हा उभी केली, तेव्हा काही काळ परंडा हीच तिची राजधानी होती. म्हणजे आमच्या जिल्ह्यातही एकदा तख्त होतं. मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ 1549 ला अहमदनगरात ओतलेली. ती परंड्याच्या किल्ल्यात होती. 1632 ला मुरार जगदेवानं ती विजापूरला नेली. आज ती तिथं शेर्झा बुरुजावर आहे, आणि आमच्याकडचे लोक गाडी करून तिच्या तोंडावरचा सिंह बघायला विजापूरला जातात.

“राजधानी हेच करते,” भाची म्हणाली. “आपलं नेते, आपल्यालाच तिकीट लावून दाखवते. पोरंही तशीच नेते. माझ्याबरोबर आपल्या जिल्ह्यातली किती होती, विचारा.”

“आणि आपण नाही नेलं?” मामा एकदम खुलले. “लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासमध्ये उभं राहायचं आणि छताकडं बघायचं. तिथं चांदी होती. 1760 ला सदाशिवरावभाऊंनी उतरवली, फौजेच्या खर्चाला आटवली. पानिपताच्या आधीची गोष्ट. खजिना रिकामा, फौज उपाशी. शाळेत मी हे शिकवताना पोरांना ते छत कागदावर काढून दाखवायचो. प्रत्यक्ष बघितलं तेव्हा वाटलं, भाऊंनी इथंच उभं राहून असंच वर बघितलं असेल, पण हिशोब करत. ते कामाला आले होते. मी नव्हतो, म्हणून मला छत दिसलं आणि त्यांना वजन.”

मामा दिल्लीला आधी गेले होते ते संमेलनाला. 2020 च्या जानेवारीत 93वं साहित्य संमेलन आमच्या गावात झालं, फादर दिब्रिटो अध्यक्ष होते, मामा स्वयंसेवक. पाच वर्षांनी, फेब्रुवारी 2025 मध्ये, 98वं संमेलन दिल्लीत तालकटोरा स्टेडियमवर भरलं तेव्हा मामा प्रतिनिधी म्हणून गेले. दिल्लीत संमेलन भरण्याची ही दुसरी खेप. पहिलं 1954 चं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली. पण संमेलन म्हणजे पुन्हा कामच. परिसंवाद, बिल्ला, जेवणाची कूपनं. तालकटोऱ्याच्या आसपास 1737 ला बाजीरावाचे स्वार येऊन धडकले होते, एवढं मनात येऊन जातं तोवर भोजनाची रांग पुढं सरकलेली असते. लाल किल्ला मामांनी एका दुपारी परिसंवाद बुडवून पाहिला. कोणता परिसंवाद ते मी लिहीत नाही, वक्ते आमच्या ओळखीचे आहेत.

त्या उरलेल्या दिल्लीसाठी त्यांना जायचं होतं. भाचीनं विचारलं, उरलंय काय? तर मामांनी सांगितलेली पहिली गोष्ट मला अजून आठवते, कारण ती कुठल्या पर्यटनाच्या पत्रकात सापडायची नाही.

“इंडिया गेटकडून कर्तव्यपथानं सरळ चालत यायचं. समोर राष्ट्रपती भवन दिसत असतं, घुमट, खांब, सगळं. चालत राहा. विजय चौक जवळ आला की काय होतं? भवन खाली बुडायला लागतं. खांब गेले, भिंत गेली, शेवटी नुसता घुमटाचा माथा उरतो. जितकं जवळ जावं तितकं कमी दिसतं.”

“चढामुळं होतं ते.”

“होय, चढामुळं. ल्यूटन्स आणि बेकर, दोघं दोस्त होते. बेकरच्या सचिवालयांनाही त्याच टेकडीवर जागा दिली, त्यापायी ल्यूटन्सचं भवन मागं ढकललं गेलं. चढ कसा धरलाय हे ल्यूटन्सच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. त्यावरून दोघांचं बोलणं तुटलं. साम्राज्याचा दिमाख दाखवायला नगर बांधायचं, 1911 च्या डिसेंबरात बादशहाच्या तोंडून दरबारात घोषणा करायची, वीस वर्षं बांधत बसायचं, 1931 च्या फेब्रुवारीत उद्‌घाटन करायचं, आणि नेमक्या मोक्याच्या जागेवर राजाचं घर दिसेनासं व्हायचं! पुढं सोळा वर्षांत ते साहेबही दिसेनासे झाले. हे मला पायानं चालून बघायचंय. अर्ज घेऊन जाणारा मोटारीतून जातो, त्याला हे कळत नाही.”

भाची जरा थांबली. मग म्हणाली, नॉर्थ ब्लॉकच्या दारावर इंग्रजांनी कोरून ठेवलंय की स्वातंत्र्य काही लोकांकडं आपण होऊन खाली उतरत नाही, लोकांनीच स्वतःला तिथवर वर न्यावं लागतं. “तुम्ही चढावर उभे राहून गंमत बघाल, मामा. मला तो मजकूर आठवला की राग येतो.”

“राग येऊ दे की. राग येण्याजोगं काही बघायला मिळणं हीसुद्धा चैनच आहे.”

मला वाटतं, दोघांमधला फरक इथं नेमका होता. भाचीला राजधानीनं काहीतरी द्यायला हवं होतं, मामांना तिनं फक्त दिसायला हवं होतं. मागणारा आणि बघणारा एकाच मेट्रोत शेजारी बसले तरी वेगवेगळ्या गावातून जात असतात. मेट्रोवरून आठवलं: मामांचा सगळ्यात आवडता बेत पिवळ्या मार्गाचा. चांदणी चौकात बसायचं ते शहाजहानच्या दिल्लीत, केंद्रीय सचिवालयाला उतरायचं ते ल्यूटन्सच्या, पुन्हा बसून कुतुबमिनारला जायचं ते थेट सुलतानांच्या. मुंबईला शिकायला गेलेला आमचा पोरगा लोकलमध्ये उभा राहून जे हाल काढतो त्यापुढं हे म्हणजे सहलच. भाची म्हणाली, राजीव चौकात संध्याकाळी सहाला मार्ग बदला, मग सहल कळेल. तेही खरं.

“आणि अलीपूर रोड,” मामा म्हणाले. “26, अलीपूर रोड.”

इथं भाची गप्प झाली. फेब्रुवारी 1941 मध्ये बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेसाठी कसबे तडवळ्याला आले होते. तडवळं तेरहून लांब नाही. आमच्याकडे अजून त्या दिवसांची आठवण काढतात, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती म्हणून सांगतात. पंधरा वर्षांनी, 6 डिसेंबर 1956 ला, ते दिल्लीत गेले ते याच घरात. ते घर आता राहिलं नाही. त्या जागी 2018 ला राष्ट्रीय स्मारक उभं राहिलं, उघड्या पुस्तकाच्या आकाराचं.

“तू गेली होतीस?”

“नाही,” भाची म्हणाली. “सिव्हिल लाइन्स स्टेशनवरून जायला यायचं. मंगळवारी चाचणी असायची, गुरुवारी उत्तरलेखन. अभ्यासाला गेलेला माणूस हिंडत नसतो, मामा. कलम 17 वर पंधरा गुणांचं उत्तर मी झोपेतही लिहीन.”

ती हे खजील होऊन बोलली नाही. व्यवहार सांगितल्यासारखी बोलली, आणि मामांनीही तो धागा ओढला नाही. शहाणा माणूस.

पण खरा घाव भाचीनं नंतर घातला. मामा जंतरमंतरचं कौतुक करत होते. जयसिंगानं 1724 च्या सुमारास बांधलेली वेधशाळा, तिच्यातलं ते भलंमोठं सम्राट यंत्र, आणि शेजारच्याच रस्त्यावर देशभरातून आलेले आंदोलक. एका फुटपाथवर चार भाषांतल्या घोषणा. तमिळनाडूचे शेतकरी 2017 ला कवट्या घेऊन बसले होते ते इथंच. “सगळा देश एका रस्त्यावर बघायचा तर तिथं,” मामा म्हणाले.

“म्हणजे अर्ज घेऊन आलेली माणसं बघायला तुम्ही अर्ज न घेता जाणार,” भाची म्हणाली. “ते उन्हात बसणार, तुम्ही त्यांच्यातून पाण्याची बाटली घेऊन फिरणार. उद्या आपल्या भूम-परंड्याची माणसं पीकविम्यासाठी तिथं बसली आणि कोण ओडिशाचे निवृत्त गुरुजी बघून गेले, तर चालेल तुम्हाला?”

मामांना लगेच उत्तर सुचलं नाही. मलाही सुचलं नसतं. प्रवाशाच्या आनंदात कुणाच्या तरी अडचणीचा हा हिस्सा असतोच, आणि राजधानीत तो जास्त असतो, कारण तिथली निम्मी माणसं नाइलाजानं आलेली असतात. मुलं संग्रहालयातून परत आली, भाचीनं त्यांना चहाला पिटाळलं, तरी मामा गप्पच. मग त्यांनी भलतीकडूनच सुरुवात केली.

“दिल्ली आपल्याकडं कधी आली, माहीत आहे? 13 सप्टेंबर 1948. सोलापूरहून फौज निघाली ती नळदुर्गावरून. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. पाच दिवसांत हैदराबादची राजधानी संपली. आता त्याआधीचं बघ. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा. तिथं एक मुख्याध्यापक होते, पुढं तेच स्वामी रामानंद तीर्थ. आमच्यासारखे मास्तर. संस्थानाविरुद्धच्या लढ्याचे ते पुढारी झाले, तुरुंगात गेले, आणि 1952 ला लोकसभेत बसले, त्या 144 खांबांच्या गोल इमारतीत. हिप्परग्याचा मास्तर! मी जन्मभर त्याच जिल्ह्यात हजेरीपट भरले. तो कुठल्या इमारतीत बसायचा ते बघायला मला कुठलं काम लागतं? आणि ओडिशाचे गुरुजी आले बघायला तर येऊ देत. बघून गेलेला माणूस निदान गावाकडं जाऊन सांगतो. न बघणाऱ्यांचा ताप जास्त असतो.”

“ती गोल इमारत आता ‘संविधान सदन’ झाली. कामकाज 2023 पासून नव्या इमारतीत चालतं.”

“दोन्ही बघू.”

“असं बघू म्हणून बघता येत नाही. कामकाज बघायचं तर खासदाराच्या शिफारशीचा पास लागतो. नाव, पत्ता, ओळखपत्र. फोन बाहेर, पिशवी बाहेर.”

“म्हणजे अर्ज करावा लागतो?”

“करावा लागतो.”

एवढा वेळ मी तोंड मिटून होतो, पण इथं मला हसू आवरलं नाही. मामांनी माझ्याकडं रागानं बघितलं आणि भाचीला म्हणाले, मग लिही तूच, तुझं अक्षर चांगलं आहे.

भाचीनं वही काढली. अर्ज लिहिला नाही, बेत लिहायला घेतला. येणार नाही हे तिनं आधीच सांगून टाकलं होतं. दिल्लीला आता गेले तर पगारी कामानं जाईन, म्हणाली. पण मामा चुकीच्या फाटकातून बाहेर पडू नयेत एवढी काळजी तिला होती. सोलापूरला कर्नाटक एक्स्प्रेस गाठायची. धपाटे दोन दिवस टिकतात, दही-भात नेऊ नका. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात एकदा जेवून घ्या, म्हणजे मामींची तक्रार राहणार नाही. मग तिनं विचारलं, गाडी कोणत्या वारची?

“रविवारी बसतोय. सोमवारी दिल्ली.”

“झालं! सोमवारी लाल किल्ला बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, तीस जानेवारी मार्गावरची गांधी स्मृती बंद. शनिवारी निघा.”

“तिकिटं काढून झालीत. माझी, मामीची, दोन मास्तर आणि त्यांच्या मंडळींची. सोमवारी उघडं काय असतं?”

“बंगलासाहिब गुरुद्वारा. लंगर असतो, मामींना आवडेल. आणि तिथून चालत जंतरमंतर.”

“वेधशाळा का रस्ता?”

“वेधशाळेला तिकीट आहे,” भाची म्हणाली, “रस्त्याला नाही. आणि जाणारच आहात, तर पाण्याच्या दोन बाटल्या जास्त न्या. त्यांच्यासाठी.”